व्हीएमला नेट येत नाही? आधी पॅकेट कुठे अडलंय ते बघा

लिनक्सवर केव्हीएम टाकलं, व्हर्ट-मॅनेजर उघडून पहिली व्हीएम, म्हणजे मशीनच्या आतलं आभासी मशीन, उभी केली, इन्स्टॉलेशन निम्म्यावर आलं आणि तिथेच अडकलं. पॅकेज उतरत नाहीत, मिरर सापडत नाही. होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर, मात्र त्याच वेळी व्हिडिओ छान चालू आहे. या वाटेवर नवा माणूस पहिल्यांदा ठेचकाळतो तो बहुधा इथेच.

पुढे काय होतं तेही ठरलेलं असतं. शोधून सापडलेली पहिली कमांड चिकटवायची, मग दुसरी, मग फायरवॉल बंद करून बघायचा, मग एक ब्रिज बनवायला घ्यायचा आणि अर्धवट सोडायचा. तासाभराने व्हीएमला नेट नसतंच, होस्टचंही गेलेलं असतं. आता मूळ बिघाड कुठला आणि आपण घातलेला कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

म्हणून या लेखात दुरुस्त्या कमी आणि बघायच्या जागा जास्त आहेत. कुठल्या जागेपर्यंत पॅकेट, म्हणजे नेटवरून जाणारा माहितीचा तुकडा, पोचतंय हे कळलं की दुरुस्ती बहुतेक वेळा एका ओळीची असते.

उदाहरणं केव्हीएम, क्यूईएमयू आणि लिबव्हर्ट या त्रिकुटाची घेतली आहेत (पहिली दोन व्हीएम चालवतात, तिसरं सगळ्यांना सांभाळतं), होस्टवर उबुंटू, डेबियन किंवा फेडोरा. व्हर्च्युअलबॉक्सबद्दल शेवटी थोडं आहे. कमांड मी देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या. शक्य तिथे लघुरूपाऐवजी पूर्ण शब्द दिलाय, म्हणजे स्पेलिंग ओळखायला त्रास नको. ‘व्हर्श’ म्हणजे व्हर्च्युअलची पहिली तीन अक्षरं आणि शेलची पहिली दोन.

पॅकेटचा रस्ता

काहीही न बदलता लिबव्हर्ट टाकलं की ते ‘डीफॉल्ट’ नावाचं एक नेटवर्क बनवतं. त्यातून पॅकेट असं जातं: व्हीएममधलं नेटवर्क कार्ड, त्याचं होस्टवरचं टोक म्हणजे व्हीनेट०, ते ज्यात खोचलेलं असतं तो व्हर्बीआर० हा आभासी ब्रिज, मग होस्टच्या कर्नलमधला फायरवॉल आणि नॅट, आणि शेवटी होस्टचं खरं कार्ड, ज्याचं नाव ईएनपी३एस० किंवा वायफाय असेल तर डब्ल्यूएलने सुरू होणारं काहीतरी असतं. पाच जागा. कागदावर एकाखाली एक लिहून ठेवा, पुढे टिकमार्क करायला बरं पडतं.

ब्रिज म्हणजे कर्नलच्या आत बसलेला स्विच, एवढं समजलं तरी पुरे. नॅट मात्र नीट समजून घ्या. मोठ्या सोसायटीचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. आतल्या फ्लॅटमधून पाकीट बाहेर जाताना तो त्यावरचा फ्लॅट नंबर खोडून सोसायटीचा पत्ता घालतो आणि कोणाचं काय गेलं ते वहीत टिपून ठेवतो. उत्तर आलं की वही बघून बरोबर फ्लॅटवर पाठवतो. पण बाहेरून कोणी आपणहून आलं, तर त्याची वहीत नोंदच नसते. तो गेटवरच थांबतो. त्यामुळे व्हीएममधून इंटरनेट चालतं, पण घरातल्या मोबाईलवरून व्हीएममधला वेबसर्व्हर उघडत नाही, हा बिघाड नाही. नॅट असाच असतो. तो सर्व्हर घरातल्या सगळ्यांना दिसायला हवा असेल तर खरा ब्रिज लागतो, त्याकडे नंतर येऊ.

व्हीएमच्या आत जाऊन चार प्रश्न विचारा

कन्सोलवरून व्हीएममध्ये लॉगिन करा आणि पहिली कमांड द्या:

आयपी -ब्रीफ ॲड्रेस

पत्ता १९२.१६८.१२२ने सुरू होणारा दिसला तर पहिल्या तीन जागा ठीक आहेत, सरळ पुढच्या पिंगकडे जा. पत्ताच नाही, किंवा विंडोज गेस्टमध्ये (गेस्ट म्हणजे व्हीएमच्या आतली सिस्टिम) १६९.२५४ने सुरू होणारा आहे, तर डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, उत्तर आलेलं नाही. हा १६९.२५४वाला पत्ता कोणी दिलेला नसतो. कोणीच काही देईना म्हणून मशीनने स्वतःच घेतलेला असतो. आणि १०.०.२.१५ दिसला तर तुम्ही डीफॉल्ट नेटवर्कवर नाहीच आहात, क्यूईएमयूच्या युजर मोडमध्ये आहात. तिथे पिंग काही वेळा जात नाही आणि तरी ब्राउझर चालतो, त्यामुळे माणूस नसलेला आजार शोधत बसतो.

कार्डच दिसत नसेल, फक्त एलओ (मशीनचा स्वतःशीच बोलायचा आभासी रस्ता) दिसत असेल, तर प्रश्न नेटवर्कचा नाही, ड्रायव्हरचा आहे. लिनक्स गेस्टमध्ये असं क्वचित होतं. विंडोज गेस्टला मात्र व्हर्टआयओ हे खास व्हीएमसाठीचं आभासी कार्ड मुळात ओळखता येत नाही. व्हर्टआयओ-विन नावाची आयएसओ जोडून ड्रायव्हर टाकावा लागतो. तोवर कार्डाचा प्रकार ई१०००ई करून ठेवला तरी काम भागतं.

पत्ता असेल तर आता क्रमाने:

पिंग १९२.१६८.१२२.१
पिंग ८.८.८.८
पिंग डेबियन.ओआरजी

पहिला पिंग ब्रिजपर्यंतचा आहे, दुसरा इंटरनेटपर्यंतचा, तिसरा नावावरून पत्ता शोधण्याचा. पहिला चालतो आणि दुसरा अडतो, तर गुन्हेगार चौथ्या जागेत आहे: फॉरवर्डिंग, नॅट किंवा फायरवॉल. दुसरा चालतो आणि तिसरा अडतो, तर डीएनएस. हा क्रम मोडू नका. ‘साइट उघडत नाही’ या एका वाक्यात किमान चार वेगवेगळे बिघाड लपलेले असतात आणि ब्राउझर त्या सगळ्यांना एकच चेहरा देतो.

लाइट गेली-आली आणि नेटवर्क झोपलं

पत्ताच मिळत नसेल तर होस्टवर या:

सुडो व्हर्श नेट-लिस्ट --ऑल

‘डीफॉल्ट’च्या ओळीत स्टेट ‘ॲक्टिव्ह’ आणि ऑटोस्टार्ट ‘येस’ हवं. आपल्याकडे हा बिघाड फार ओळखीचा आहे. यूपीएस नसलेला पीसी, दुपारी लाइट जाते, पंधरा मिनिटांनी येते, पीसी परत चालू होतो आणि व्हीएम मात्र उठतच नाही. व्हर्ट-मॅनेजर सांगतो की नेटवर्क ‘डीफॉल्ट’ ॲक्टिव्ह नाही. काही मोडलेलं नसतं. नेटवर्क हाताने चालू केलेलं असतं, आपोआप चालू व्हावं असं कोणी सांगितलेलं नसतं.

सुडो व्हर्श नेट-स्टार्ट डीफॉल्ट
सुडो व्हर्श नेट-ऑटोस्टार्ट डीफॉल्ट

इथे एक गंमत आहे. सुडो न लावता हीच यादी मागितली तर ती रिकामी येऊ शकते, आणि माणसाला वाटतं नेटवर्क उडालं. उडालेलं नसतं. लिबव्हर्टची दोन वेगळी घरं आहेत, सिस्टिम आणि सेशन. साध्या युजरने व्हर्श चालवलं की ते सेशनमध्ये डोकावतं, तुमची व्हीएम आणि नेटवर्क असतं सिस्टिममध्ये. नक्की करायचं तर घराचं नाव स्पष्ट सांगा:

व्हर्श --कनेक्ट क्यूईएमयू:///सिस्टिम नेट-लिस्ट --ऑल

स्वतःला लिबव्हर्ट ग्रुपमध्ये घालून एकदा लॉगआउट-लॉगिन केलं की सुडोची गरजही राहत नाही. मघाचा १०.०.२.१५ दिसण्यामागेही बहुधा हेच असतं: व्हीएम सेशनमध्ये बनवलेली असते.

नेट-स्टार्टच नकार देत असेल तर संदेश शांतपणे वाचा. दोनच कारणं वारंवार दिसतात. एक, डीएनएसमास्कला (व्हीएमना पत्ते देणारा आणि नावं शोधून देणारा लिबव्हर्टचा मदतनीस) पोर्ट ५३ मिळत नाही, ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’. होस्टवर आधीच बाइंड हा डीएनएस सर्व्हर किंवा स्वतंत्र डीएनएसमास्क सगळ्या पत्त्यांवर कान लावून बसलेला असतो. कोण बसलंय ते असं दिसतं:

सुडो एसएस -एलएनयूपी

त्या सेवेला मोजक्याच पत्त्यांवर ऐकायला सांगा, भांडण मिटतं. सिस्टिमडी-रिझॉल्व्हड मात्र १२७.०.०.५३वर बसतो, त्याचा इथे काही दोष नसतो. बिचाऱ्याला उगाच बंद केलं जातं आणि मग होस्टचं डीएनएस जातं.

दुसरं कारण, ‘नेटवर्क इज ऑलरेडी इन यूज’. व्हीएमच्या आत व्हीएम चालवताना हे हमखास येतं, कारण बाहेरच्या लिबव्हर्टने १९२.१६८.१२२ हीच मालिका घेतलेली असते आणि आतल्यालाही तीच हवी असते. आतल्या होस्टवर ‘व्हर्श नेट-एडिट डीफॉल्ट’ उघडून १२२च्या जागी १२३ करा. पत्ता एकदा आणि डीएचसीपीच्या रेंजमध्ये दोनदा, अशा तीन जागी बदल लागतो. एक राहिला की नेटवर्क पुन्हा रुसतं.

तार खोचलेली आहे का

खऱ्या स्विचसमोर आपण आधी दिवा लागलाय का बघतो. इथे दिवा असा बघायचा:

सुडो व्हर्श डोमआयएफलिस्ट व्हीएमचं-नाव
ब्रिज लिंक

पहिल्या कमांडमध्ये व्हीएमचं कार्ड कुठल्या व्हीनेटला आणि कुठल्या नेटवर्कला जोडलंय ते, शिवाय मॅक पत्ताही (कार्डाची स्वतःची ओळख) दिसतो. क्यूईएमयूचे मॅक ५२:५४:०० ने सुरू होतात, म्हणून गर्दीतही पटकन ओळखू येतात. दुसऱ्या कमांडमध्ये तोच व्हीनेट व्हर्बीआर०चा सदस्य म्हणून दिसायला हवा.

व्हीएम चालू नसताना व्हर्बीआर०पुढे ‘डाउन’ आणि ‘नो-कॅरियर’ लिहिलेलं असतं. घाबरू नका. स्विचमध्ये एकही तार नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे बघून कितीतरी जण ब्रिज पाडून पुन्हा बांधायला घेतात.

आणि व्हीएम चालू असताना नेट-डिस्ट्रॉय करून नेट-स्टार्ट केलं असेल, तर ब्रिज नवा आणि व्हीनेट अनाथ, अशी अवस्था होऊ शकते. ‘ब्रिज लिंक’मध्ये व्हीनेट दिसणार नाही. व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू करा. आतून रीबूट करणं पुरत नाही, कारण तेवढ्याने होस्टवरची तार नव्याने खोचली जात नाही.

टीसीपीडम्प: अंदाज बंद, बघणं सुरू

नवख्या लोकांना टीसीपीडम्प म्हणजे हॅकर लोकांचं हत्यार वाटतं. प्रत्यक्षात ती जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारी टॉर्च आहे. होस्टवर एका खिडकीत हे लावून ठेवा:

सुडो टीसीपीडम्प -एनआय व्हर्बीआर० पोर्ट ६७ ऑर पोर्ट ६८

आणि व्हीएममध्ये कार्ड खाली-वर करा किंवा व्हीएम रीबूट करा. सगळं ठीक असेल तर जोडीजोडीने ओळी येतात. ०.०.०.०.६८कडून २५५.२५५.२५५.२५५.६७कडे ‘रिक्वेस्ट’, आणि लगेच १९२.१६८.१२२.१.६७कडून ‘रिप्लाय’. असं दोनदा झालं की पत्ता मिळाला.

रिक्वेस्टच येत नसेल तर अडचण व्हीएमच्या आत आहे. बहुधा कार्डाचं नाव बदललेलं असतं: सेटिंग्जच्या फाइलमध्ये ईएनएस३ लिहिलंय आणि प्रत्यक्षात कार्ड ईएनपी१एस० आहे. व्हीएमचा मशीन-प्रकार आय४४०एफएक्सवरून क्यू३५ केला की नेमकं हेच होतं. उबुंटू सर्व्हरमध्ये ती फाइल /ईटीसी/नेटप्लॅन या फोल्डरमध्ये असते.

रिक्वेस्टमागून रिक्वेस्ट येते आणि रिप्लाय नाही, म्हणजे हाक पोचतेय पण ओ देणारा नाही. डीएनएसमास्क चालू आहे का बघा; चालू असेल तर होस्टचा फायरवॉल पोर्ट ६७ अडवतोय. यूएफडब्ल्यू हे फायरवॉलचं साधन असेल तर:

सुडो यूएफडब्ल्यू अलाव इन ऑन व्हर्बीआर०

चौथी जागा, आणि माझा एक रविवार

फायरवॉलची जागा सगळ्यांत वैतागवाणी, कारण तिथे एकाच वेळी चार मालक वावरत असतात: लिबव्हर्ट, यूएफडब्ल्यू किंवा त्याच कामाचं फायरवॉलडी, कंटेनर चालवणारं डॉकर आणि आपण स्वतः. आधी सोपं बघून घ्या:

सिसकंट्रोल नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड

टंकताना ‘कंट्रोल’ची फक्त सी, टी, एल ही तीन अक्षरं. उत्तर १ हवं. लिबव्हर्ट नेटवर्क चालू करताना ते स्वतःच १ करतं, पण मागून कुठली तरी सुरक्षेची स्क्रिप्ट येऊन ० करून जाते.

आता रविवारची गोष्ट. माझ्याकडे एका जुन्या डेस्कटॉपवर खरा ब्रिज होता, बीआर०, आणि त्यावर एक व्हीएम कित्येक महिने निमूट चालत होती. आठवडाभर बंद ठेवून रविवारी सकाळी चालू केली तर पत्ता नाही. राउटर बंद-चालू केला. केबल बदलली. ब्रिज पाडून नव्याने बांधला. दुपारचं जेवण गार झालं. मग शहाणपण सुचलं आणि दोन खिडक्यांत टीसीपीडम्प लावला, एक व्हीनेट०वर, एक ईएनपी३एस०वर. पहिल्या खिडकीत रिक्वेस्ट, रिक्वेस्ट, रिक्वेस्ट. दुसऱ्या खिडकीत शुकशुकाट. दोन्ही कार्डं एकाच ब्रिजवर, मधे फक्त कर्नल, आणि पॅकेट मधल्या मधे गायब.

शेवटी ऑफिसातल्या एकाला फोन लावला. त्याने सगळं ऐकूनही घेतलं नाही. “डॉकर टाकलंस का रे मधे?” टाकलं होतं, गुरुवारी. “मग फॉरवर्ड चेन बघ.” म्हणजे पुढे ढकलायच्या पॅकेटांसाठीची फायरवॉलच्या नियमांची यादी.

सुडो आयपीटेबल्स -एल फॉरवर्ड -एन -व्ही

पहिल्याच ओळीत पॉलिसी ‘ड्रॉप’, म्हणजे नियमात न बसणारं सगळं टाकून द्या, आणि कमांड पुन्हा दिली की शेजारचा आकडा वाढलेला. माझीच पॅकेट मोजली जात होती.

झालं होतं ते असं. होस्टने वाटेल त्याची पॅकेट पुढे ढकलू नयेत म्हणून डॉकर फॉरवर्ड चेनची पॉलिसी ड्रॉप करतं. शिवाय बीआर_नेटफिल्टर नावाचं कर्नल मॉड्यूल चढतं, आणि ते चढलं की ब्रिजमधून जाणारी पॅकेटही आयपीटेबल्सच्या चाळणीतून जायला लागतात. एरवी ब्रिज हा स्विच असतो, त्याला आयपीशी देणंघेणं नसतं. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि माझ्या व्हीएमचं दार बंद झालं. डॉकरची चूक म्हणता येणार नाही, ते स्वतःचं घर राखत होतं. उपाय त्यानेच ठेवलेल्या जागेत, डॉकर-युजर चेनमध्ये:

सुडो आयपीटेबल्स -आय डॉकर-युजर -आय बीआर० -ओ बीआर० -जे ॲक्सेप्ट

यातलं पहिलं ‘आय’ मोठ्या लिपीतलं, दुसरं लहान; चेनचं नाव आणि ‘ॲक्सेप्ट’ही मोठ्या लिपीत. हा नियम रीबूटनंतर उडतो, त्यामुळे आयपीटेबल्स-पर्सिस्टंट पॅकेज किंवा एक छोटी सिस्टिमडी सर्व्हिस लावून तो टिकवावा लागतो. बऱ्याच ठिकाणी ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स ० करा असा सल्ला मिळतो. चालतो, पण डॉकरच्या कंटेनरांचं आपसातलं वेगळेपण त्यावर टेकलेलं असतं, म्हणून मला वरचा मार्ग बरा वाटतो.

ब्रिज नसून साधा नॅट असेल तर? लिबव्हर्ट आपले नियम फॉरवर्ड चेनच्या वरच्या बाजूला घालत असे, त्यामुळे डॉकर असूनही नॅट चालायचा. २०२४मध्ये आलेल्या लिबव्हर्ट १०.४पासून लिबव्हर्ट आपले नियम एनएफटेबल्समध्ये (आयपीटेबल्सची नवी पिढी), स्वतःच्या वेगळ्या टेबलात ठेवू शकतं. एनएफटेबल्सचा कायदा असा की एका टेबलाने ‘जाऊ द्या’ म्हटलं तरी दुसरं टेबल ‘अडवा’ म्हणू शकतं, आणि अडवणाऱ्याचंच खरं ठरतं. म्हणून डिस्ट्रो अपग्रेड केल्यावर डॉकर किंवा यूएफडब्ल्यू असलेल्या होस्टवर कालपर्यंत चाललेला नॅट अचानक बसतो. अशा वेळी /ईटीसी/लिबव्हर्ट/नेटवर्क.कॉन्फ या फाइलमध्ये फायरवॉल_बॅकएंडची किंमत ‘आयपीटेबल्स’ करून लिबव्हर्टडी रीस्टार्ट करा. फेडोरावर त्या सेवेचं नाव व्हर्टनेटवर्कडी. नुसतं यूएफडब्ल्यू आड येत असेल तर एवढंही पुरतं:

सुडो यूएफडब्ल्यू रूट अलाव इन ऑन व्हर्बीआर०

फायरवॉल हाताने साफ केला, म्हणजे आयपीटेबल्स -एफ आणि आयपीटेबल्स -टी नॅट -एफ दिलं, की लिबव्हर्टचे नियमही त्यातच वाहून जातात. मग ‘फायरवॉल काढला तरी चालेना’ अशी तक्रार येते. चालेल कसं, नॅटचे नियमही फायरवॉलमध्येच राहतात. लिबव्हर्टडी रीस्टार्ट केलं की ते परत येतात.

डीएनएस

इथे फार रेंगाळायला नको. व्हीएममध्ये ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ द्या. सर्व्हर म्हणून १९२.१६८.१२२.१ दिसायला हवा. तो दिसत असून नावं सापडत नसतील तर होस्टवरच नावं सापडतात का बघा, कारण डीएनएसमास्क प्रश्न होस्टच्याच सर्व्हरकडे ढकलतो. ऑफिसचा व्हीपीएन चालू-बंद केल्यावर हे बिघडतं. तात्पुरतं व्हीएममध्ये १.१.१.१ घालून काम पुढे न्या.

खरा ब्रिज हवा असेल तर

सुरुवातीलाच सांगतो, वायफायवर हा खटाटोप करू नका. ॲक्सेस पॉइंट फक्त जोडल्या गेलेल्या मॅक पत्त्याचीच पॅकेट घेतो. त्याच कार्डामागून व्हीएमचा दुसरा मॅक यायला लागला की तो दाद देत नाही. लॅपटॉप वायफायवर असेल तर नॅटवरच राहा, किंवा लॅनची वायर खोचा.

वायरवर, नेटवर्कमॅनेजर असलेल्या होस्टवर:

सुडो एनएमसीएलआय कनेक्शन ॲड टाइप ब्रिज आयएफनेम बीआर० कॉन-नेम बीआर० ब्रिज.एसटीपी नो
सुडो एनएमसीएलआय कनेक्शन ॲड टाइप ब्रिज-स्लेव्ह आयएफनेम ईएनपी३एस० मास्टर बीआर०

नंतर जुनं वायर्ड कनेक्शन खाली घ्या आणि हे नवीन दोन्ही वर आणा. हे मशीनसमोर बसून करा. एसएसएचवरून, म्हणजे दुरून लॉगिन करून, केलंत तर ज्या फांदीवर बसलात तीच तोडाल. उबुंटू सर्व्हरवर ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर ते आपोआप जुनी रचना परत आणतं.

ब्रिज झाल्यावर होस्टचा आयपी पत्ता बीआर०वर असतो, ईएनपी३एस०वर नाही. हे पटायला थोडा वेळ लागतो. खरं कार्ड आता नुसता स्विचचा एक पोर्ट आहे, आणि पोर्टला पत्ता नसतो. दोन्हीवर पत्ता ठेवला की कधी चालतं, कधी नाही, आणि असा अधूनमधून येणारा बिघाड शोधायला सगळ्यांत कठीण.

वर मी ‘एसटीपी नो’ का लिहिलं? नेटवर्कमॅनेजर ब्रिजवर एसटीपी म्हणजे स्पॅनिंग ट्री (पॅकेट गोल गोल फिरत राहू नयेत म्हणूनची व्यवस्था) चालू ठेवतो. त्यात नवा पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, मग पॅकेट सोडतो. त्या अर्ध्या मिनिटात व्हीएमची डीएचसीपीची विनंती थकून जाऊ शकते. घरात एकच ब्रिज असेल तर ते बंद ठेवलं तरी हरकत नाही. ऑफिसात मात्र नेटवर्क सांभाळणाऱ्याला विचारल्याशिवाय नको.

व्हर्ट-मॅनेजरमध्ये ‘मॅकव्हीटॅप’ असाही पर्याय दिसतो आणि तो मोहात पाडतो, कारण ब्रिज न बांधता व्हीएम थेट घरच्या नेटवर्कवर येते. फक्त एक अट आहे: होस्ट आणि ती व्हीएम एकमेकांशी बोलू शकत नाहीत. सगळं जग पिंग होतं, शेजारचा होस्ट होत नाही. ती त्याची रचनाच आहे.

क्लोन केलेल्या जुळ्या

एक व्हीएम मनासारखी जमली की तिचे क्लोन काढावेसे वाटतात. दोन्ही चालू केल्या की दोघींना एकच आयपी, मॅक वेगळे असूनही. उबुंटू सर्व्हरमध्ये हे हमखास होतं, कारण तिथे डीएचसीपीकडे ओळख म्हणून मॅकऐवजी /ईटीसी/मशीन-आयडीवरून तयार केलेली खूण जाते, आणि क्लोनमध्ये ती फाइल जशीच्या तशी आलेली असते. ‘व्हर्श नेट-डीएचसीपी-लीजेस डीफॉल्ट’ दिलं की घोळ दिसतो. क्लोनमध्ये:

सुडो ट्रंकेट --साइझ ० /ईटीसी/मशीन-आयडी

आणि रीबूट. किंवा व्हीएम बंद असतानाच होस्टवरून तिच्यावर व्हर्ट-सिसप्रेप चालवा, ते एसएसएचच्या जुन्या किल्ल्याही काढून टाकतं.

पिंग जातो, पण पान उघडता उघडत नाही

होस्टवर व्हीपीएन चालू असेल आणि व्हीएममध्ये पिंग, डीएनएस सगळं ठीक असून मोठी पानं अर्ध्यात लटकत असतील, तर एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, संशय घ्या. व्हीएममधून:

पिंग -एम डू -एस १४७२ ८.८.८.८

१४७२ अधिक २८ बाइटांचे हेडर म्हणजे १५००. हे अडलं तर आकडा कमी करत जा. वायरगार्ड या व्हीपीएनवर एमटीयू सहसा १४२० असतो, म्हणजे १३९२ला पिंग जायला लागेल. व्हीएमच्या कार्डाचा एमटीयू १४२० केला की पानं धावायला लागतात.

व्हर्च्युअलबॉक्सवाल्यांसाठी

तिथे साध्या नॅटमध्ये व्हीएमला १०.०.२.१५ मिळणं हेच बरोबर, गेटवे १०.०.२.२. प्रत्येक व्हीएम आपापल्या स्वतंत्र नॅटमागे असते, त्यामुळे दोन व्हीएमना तोच पत्ता दिसला तरी भांडण नाही, पण त्या एकमेकींना दिसतही नाहीत. त्यांनी आपसात बोलायला हवं असेल तर ‘नॅट नेटवर्क’ हा वेगळा पर्याय निवडा. होस्टवरून व्हीएममध्ये एसएसएच करायचं असेल तर दुसरं कार्ड ‘होस्ट-ओन्ली’ लावा, त्याची मालिका १९२.१६८.५६. तिथे आपल्या मनाची मालिका घालायला गेलात आणि ६.१.२८ किंवा पुढची आवृत्ती असेल, तर परवानगी नाही म्हणून चूक येते; /ईटीसी/व्हीबॉक्स/नेटवर्क्स.कॉन्फ या फाइलमध्ये ती मालिका आधी नोंदवावी लागते. आणि कार्डाच्या सेटिंगमधली ‘केबल कनेक्टेड’ ही खूण एकदा बघून घ्या. ती निघालेली असू शकते, आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

कोणाला विचारायची वेळ आलीच तर

‘नेट चालत नाही’ एवढंच पाठवू नका. व्हीएममधलं ‘आयपी -ब्रीफ ॲड्रेस’ आणि ‘आयपी रूट’, होस्टवरचं ‘नेट-लिस्ट’, ‘डोमआयएफलिस्ट’ आणि ‘ब्रिज लिंक’, तीन पिंगांपैकी कुठला अडला ते, आणि गेल्या आठवड्यात होस्टवर काय नवं टाकलं त्याची यादी. मोबाईलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो नको, मजकूर कॉपी करून द्या. त्यातला मॅक पत्ता समोरच्याला शोधता आला पाहिजे.